रेगेबाईंचं कॉन्स्टँटिनोपल

“आबा, आईने मुलाचे डोळे काढले.”

माझ्या लेकीने तिच्या आजोबांशी मराठीत बोललेलं पहिलं अख्खं वाक्य हे. मी सिंकपाशी तांदूळ धूत होते. हातातलं पातेलं हातातच राहिलं.

तोपर्यंत आमचा रविवारचा व्हिडिओ कॉल म्हणजे एक ठरलेला कार्यक्रम होता. तिकडे तासगावजवळच्या आमच्या गावात आबा, इकडे ख्राइस्टचर्चला हॉर्नबी भागातल्या घरात सई. आबा विचारायचे, “जेवलीस का गं?” सई म्हणायची, “येस.” आबा विचारायचे, “साळंत काय केलंस?” सई म्हणायची, “हीप्स ऑफ स्टफ.” मग दोघंही हसायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी मधली दुभाषी. सईला मराठी सगळं समजायचं, तोंडातून मात्र इंग्रजीच यायचं. एकमेकांवर जीव टाकणारी दोन माणसं, आणि त्यांच्यात बोलणं म्हणून नाही. मला हे आतून खायचं. मी शिकले, परदेशी आले, घर घेतलं, सगळं झालं. पण ज्या बापाने मला शिकवलं त्याच्याशी माझ्या पोरीला दोन शब्द बोलता येत नाहीत, हे कुठल्या हिशेबात बसवायचं?

आणि त्या दिवशी एकदम हे डोळे.

“कुणाच्या आईनं?” आबा ओरडले. फोन त्यांनी इतका जवळ घेतला की पडद्यावर नुसती मिशी दिसायला लागली.

“राजाच्या आईने. तिला स्वतःला राजा व्हायचं होतं.”

“राणी म्हण.”

“नो... नाही. राजा. ती सही पण राजा म्हणून करायची.”

“आणि पोटच्या पोराचं डोळं काढलं?”

“तो ज्या रूममध्ये जन्मला ना, त्याच रूममध्ये.”

“आगायायाया! मग?”

“मग नेक्स्ट संडे. पुढचं रेगेबाई सांगणार.”

“कोन ह्या रेगेबाई?”

तर या रेगेबाई.

मूळच्या गिरगावच्या. इथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या आणि निवृत्तीला आल्या होत्या. उंचीला बेताच्या, आवाजाला अजिबात नाही. अंगात बारा महिने जांभळा स्वेटर. भर उन्हाळ्यात सगळं गाव जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून फिरत असलं तरी बाईंचा जांभळा स्वेटर हलायचा नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, “अगं, हा रंग एके काळी फक्त सम्राटाने घालायचा. दुसऱ्या कुणी घातला तर गर्दन जायची. मला लोकर सेलमध्ये मिळाली.”

सम्राट म्हणजे बायझंटाइन सम्राट. मी बी.ई. सिव्हिल आहे. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि हे मी सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. पण बायझंटाइन हा प्रकार मला ठाऊक नव्हता. आम्हाला शाळेत एवढंच होतं, की तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं म्हणून युरोपातल्या लोकांना भारताकडे यायला नवी वाट शोधावी लागली. ‘कारणे द्या’, दोन मार्क. ते शहर कुणाचं होतं, तिथे कोण राहायचं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. दोन मार्क मिळत होते ना!

रेगेबाईंसमोर मी हे बोलून गेले. त्यांनी कपाळावर हात मारला. “हजार वर्षांचं राज्य, आणि दोन मार्कांत गुंडाळलं? अगं, रोम पडलं म्हणतात ते पश्चिमेकडचं अर्धं. पूर्वेकडचं अर्धं उभंच होतं. आजचं इस्तंबूल ते यांचं कॉन्स्टँटिनोपल. ख्रिस्ती राज्य, बोलायचे ग्रीक, आणि स्वतःला म्हणवायचे रोमन. रोम हातातून गेलं तरी रोमन! ‘बायझंटाइन’ हे नाव दुसऱ्यांनी मागाहून चिकटवलं. त्यांना हाक मारली असतीस ना त्या नावाने, तर एकाने मान वळवली नसती.”

बाई अशा बोलायला लागल्या की समोरच्याचा चहा गार व्हायचा. स्वतःचाही.

त्यांच्याकडे मराठी मंडळाचा रविवारचा वर्ग आला तो अपघाताने. आधीच्या शिक्षिका नवऱ्याच्या नोकरीपायी ऑस्ट्रेलियाला गेल्या, इथे निम्मी माणसं जातात तशा. वर्ग मरायला टेकला होता. कम्युनिटी हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पोरं पाय हलवत बसायची, फळ्यावर क कमळाचा, आणि आईबाप बाहेर गाडीत बसून फोन बघायचे. मी आत, मागच्या खुर्चीत बसायचे. सई पळून जायची म्हणून.

पहिल्या रविवारी रेगेबाई आल्या त्या एक पिशवी घेऊन. फळ्याकडे ढुंकून बघितलं नाही. खुर्ची ओढली, बसल्या आणि एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, “एक राजवाडा होता. त्यात सोन्याचं झाड. झाडावर सोन्याचे पक्षी. आणि ते पक्षी गायचे.”

पोरांचे पाय हलायचे थांबले.

“सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सिंह. सोन्याचे. परदेशी पाहुणा आला की सिंह शेपट्या आपटायचे आणि डरकाळी फोडायचे. पाहुणा घाबरून जमिनीवर डोकं टेकायचा. डोकं वर करून बघतो तर काय? सम्राट वर! छताला! सिंहासन आपोआप वर गेलेलं!”

“लाइक अ लिफ्ट?” ईशान ओरडला. डॉक्टरांचा मुलगा, वर्गातला सगळ्यात मोठा आवाज.

रेगेबाईंनी पिशवीतून जांभळी लोकर आणि दोन सुया काढल्या आणि विणायला लागल्या.

हॉलमध्ये फक्त सुयांचा आवाज. खट, खट, खट.

“व्हॉट हॅपन्ड?” कुणीतरी कुजबुजलं. सुया आणखी जोरात.

“इज शी ओके?” खट, खट, खट, खट.

मला वाटलं, झालं, हीही बाई गेली. तेवढ्यात ईशानच लाल होऊन म्हणाला, “बाई... ते... वर कसं जातं?”

सुया थांबल्या. बाई पुढे वाकल्या, डोळे चमकले. “शाबास! कसं जायचं, ते आजपर्यंत कुणालाच कळलेलं नाही!”

नियम एवढाच. कुणी काही सांगितला नाही, फळ्यावर लिहिला नाही. इंग्रजी आलं की साम्राज्य थांबायचं आणि सुया चालू. मराठी आलं की सुया खाली. मोडकं चालायचं, अर्धं चालायचं, ‘मी जातो’ म्हणणारी मुलगी चालायची. बाई चुका दुरुस्त करत नसत. एका आईने याबद्दल तक्रार केली तेव्हा म्हणाल्या, “आधी पाणी वाहू दे. मग काठ बांधू.”

पहिल्या टर्ममध्ये मफलर सरसर वाढला. बाई तो उंच धरून दाखवायच्या. “बघा, हे सगळं तुमचं इंग्रजी.” पोरांना तो मफलर खुपायला लागला. एकमेकांना कोपरं मारून गप्प करायची. “अरे इंग्लिश नको ना, ती स्टार्ट होईल!”

डोळे काढणाऱ्या आयरीन राणीची गोष्ट दोन रविवार चालली. आठवडाभर आबांनी मला तीन-तीनदा फोन केले. “त्या बाईचं काय झालं इचार की.” दुसऱ्या रविवारी बाईंनी सांगितलं, की शेवटी तिच्याच कारभाऱ्याने तिला गादीवरून खाली ओढलं आणि एका बेटावर धाडलं. तिथे ती साम्राज्ञी लोकरीचं सूत कातून पोट भरायची.

सगळ्यांचे डोळे हळूहळू बाईंच्या मांडीवरच्या लोकरीकडे गेले.

“बाई,” सई म्हणाली, “तुम्ही कुणाचे डोळे काढले?”

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून स्वेटरला पुसावा लागला. आणि मी? मला रडू आलं. माझ्या पोरीने मराठीत टोमणा मारला होता! भाषा आली हे कशावरून ओळखायचं? निबंधावरून नाही. टोमण्यावरून.

आबांना हे सांगितलं तर म्हणाले, “माज्यावर गेलीया.”

आबांची नोकरी साखर कारखान्याच्या गेटवर, वॉचमनची. माझी फी त्या गेटवरून आली. आता निवृत्त होऊन पारावर बसतात. सई त्यांना रविवारी जे सांगायची ते सोमवारी पारावर जायचं आणि मंगळवारी तिकडून प्रश्न यायचे. त्यांच्यात ऊस होता का, असा एक आला. सईने रेगेबाईंपुढे तो जसाच्या तसा ठेवला. बाई हसल्या नाहीत. “ऊस नाही, त्यांचं गोड म्हणजे मध. आबांना सांग, प्रश्न फार चांगला आहे.” आबांनी ते ‘फार चांगला’ आठवडाभर गावात मिरवलं.

मलाही बाईंनी कामाला लावलं. मला त्या इंजिनियरीणबाई म्हणायच्या, आणि मला ते आवडायचं, कशाला नाही म्हणू? एका रविवारी म्हणाल्या, “इंजिनियरीणबाई, उठा. घुमट पडला तो का पडला ते तुम्ही सांगा.”

त्या शहरातल्या सगळ्यात मोठ्या चर्चचा घुमट. आधी तो बराच चपटा होता. भूकंपांनी खिळखिळा झाला आणि एक दिवस कोसळला. मी घरून बशी आणि वाटी नेली होती. बशी उपडी ठेवली, वाटी उपडी ठेवली. “चपटा घुमट भिंतींना बाहेर ढकलतो. उंच घुमट वजन खाली सोडतो. म्हणून त्यांनी परत बांधला तेव्हा उंच बांधला.” मी रोज हेच काम करते, या शहरात भूकंपानंतर काय उभं राहील आणि काय नाही याचं गणित. पण ऑफिसात कुणी असं डोळे मोठे करून ऐकत नाही.

ख्राइस्टचर्चच्या पोरांना भूकंप समजावून सांगावा लागत नाही. शाळेत जमीन हलल्यासारखं करून टेबलाखाली कासवासारखं बसायला शिकवतात. ईशानने विचारलं, “मग लोक तिथून गेले नाहीत? दुसऱ्या सिटीत?”

“नाही गेले,” बाई म्हणाल्या. “तुझे आईबाबा गेले का?”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. बाई हळूच म्हणाल्या, “पडलेलं परत बांधायचं, आणि आधीपेक्षा उंच. हे त्यांनाही माहीत होतं, तुमच्या गावालाही आहे.” मग मला कानात म्हणाल्या, “मी तो घुमट बघितलाय गं. इकडे यायच्या वेळी मध्ये उतरले होते. मान वर करून बघत राहिले आणि पुढचं विमान चुकलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चुकणं.” स्वतःबद्दल त्या याहून जास्त कधी बोलल्या नाहीत. मीही खणलं नाही.

सगळं असं छान चाललं होतं आणि बाईंनी एक घोळ घातला.

कॉन्स्टँटिनोपलमध्ये रथांच्या शर्यती व्हायच्या. दोन गट, निळे आणि हिरवे. अख्खं शहर दोन रंगांत वाटलेलं, घराघरांत भांडणं. बाईंनी वर्गाचेही दोन गट केले, निळे आणि हिरवे. महिनाभरात गोष्ट इथवर आली, की सम्राटाने दोन्ही गटांना दुखावलं, आणि जन्माचे वैरी निळे-हिरवे एक होऊन त्याच्यावरच उलटले. “जिंका! जिंका!” अशी आरोळी ठोकत शहरभर धावत सुटले. “पुढे काय झालं?” पोरं ओरडली. “ते पुढच्या रविवारी,” बाई म्हणाल्या.

आणि मध्येच शनिवारी मंडळाची पिकनिक आली.

पार्कात रस्सीखेच ठेवली होती. पोरं निळे आणि हिरवे टीशर्ट घालूनच आली. बाई पंच. इंग्रजीत ओरडलं तर संघाने एक पाऊल पुढे सरकायचं, हा त्यांचा नियम. ईशानचे बाबा, एरवी मोजून बोलणारे भूलतज्ज्ञ, बूट काढून हिरव्यांच्या मागे लागले. मग मी निळ्यांच्या मागे लागले. मग सगळेच लागले. “ओढ! ओढ गं!” “अरे टाच रोव!” “कम ऑन!” “इंग्रजी! हिरवे एक पाऊल पुढे!” दोर तसूभर हलेना. गोरी माणसं कुत्री घेऊन फिरायला आलेली थांबून बघायला लागली.

मंडळाच्या अध्यक्षांना जेवणाची काळजी. पुऱ्या गार होत होत्या. ते मध्ये आले, दोर पायाने दाबला आणि भोंग्यावर म्हणाले, “दोन्ही संघ विजयी! चला, जेवायला चला!”

ईशानने सईकडे बघितलं. सईने ईशानकडे बघितलं. मी ते बघितलं आणि मला कळलं आता काय होणार.

“जिंका!” सई ओरडली.

“जिंका! जिंका!” हिरवे ओरडले, निळे ओरडले, आणि दोन्ही रंग मिळून अध्यक्षांच्या अंगावर धावले. अध्यक्ष मागे सरकत सरकत जेवणाच्या टेबलापर्यंत गेले, टेबल कलंडलं आणि श्रीखंडाचं भांडं गवतावर. पोरं काही मारत-बिरत नव्हती, नुसती गोल करून नाचत होती. पण आरोळी मराठीत! दमलेली, घामेजलेली, इथे जन्मलेली पोरं एका सुरात मराठीत बंड करत होती. रेगेबाई कुणाच्या तरी चिली बिनवर, म्हणजे बर्फाच्या खोक्यावर, चढून दोन्ही हात वर करून ओरडत होत्या, “असंच! अगदी असंच झालं होतं!”

“मग तेव्हा पुढे काय झालं?” अध्यक्षांनी रुमालाने श्रीखंड पुसत विचारलं.

बाईंचा चेहरा पडला. “अर्धं शहर जळलं,” त्या म्हणाल्या. “ते मी पुढच्या रविवारी सांगणार होते.”

पुढच्या आठवड्यात बैठक लागली. अध्यक्ष वाईट माणूस नाही, हे मी स्पष्ट सांगते. मंडळ तेच ओढतात. पण ते म्हणाले, “बाई, हे परकं राज्य, परका धर्म. आपल्या मुलांना आपला इतिहास नको का? महाराज शिकवा. पुस्तक ठरवून देऊ.”

मला वाटलं बाई उसळतील. त्या शांत होत्या. “महाराज हवेतच. पण ही मुलं महाराजांची गोष्ट घरी ऐकतात, आणि ऐकतात इंग्रजीत. शेवट ठाऊक असतो, त्यामुळे मराठीची गरजच पडत नाही. ही गोष्ट मी त्यांना फक्त मराठीत मिळेल अशी ठेवली आहे. भूक लागली की मूल हात पुढे करतं. मी फक्त डबा जरा उंच ठेवलाय.”

“पण उपयोग काय? परीक्षा काय?”

मला राहवलं नाही. मी उभी राहिले. “माझी पोरगी माझ्या बापाशी बोलते. पोटभर बोलते. मला दुसरी परीक्षा माहीत नाही.”

शेवटी ठरलं असं: टर्मच्या अखेरीपर्यंत बाईंनी गोष्ट संपवायची. शेवटच्या वर्गाला समिती येऊन बसेल. मुलं खरोखर मराठीत बोलत असतील तर वर्ग बाईंचा. नाहीतर पुस्तक.

सईने आबांना बातमी दिली. “आबा, ते क्लास बंद करणार.” आबा म्हणाले, “शेवटच्या दिवशी मला फोन लावून ठेव. म्या बी बसनार वर्गात.”

शेवटच्या रविवारी इथे दुपार, तिकडे सकाळ. टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकून माझा फोन ठेवला. त्यात आबा, अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, मागे पारावरची तीन-चार डोकी. मागच्या रांगेत समिती. रेगेबाईंचा स्वेटर धुतलेला, हातात पिशवी, आणि पहिल्यांदाच त्या घाबरलेल्या दिसल्या.

“शहराला वेढा पडलाय,” त्यांनी सुरुवात केली, आणि पहिल्या वाक्याला हॉल तिथे गेला. तीन बाजूंना समुद्र, खाडीच्या तोंडाला लोखंडी साखळी, एकही जहाज आत येऊ शकत नाही. तरुण सुलतान काय करतो? जहाजं पाण्यातून काढतो, ओंडक्यांवर चरबी फासतो आणि डोंगरावरून जहाजं ओढत पलीकडे खाडीत सोडतो! सकाळी शहरातले लोक तटावरून बघतात, तर साखळीच्या आत शत्रूची शिडं!

“व्हेरी इंटरेस्टिंग,” मागून अध्यक्ष म्हणाले.

बाईंचा हात आपोआप पिशवीत गेला. खट, खट, खट. पोरं मागे वळून अध्यक्षांकडे अशी बघायला लागली की त्यांनी कान धरले. “चुकलो! फार छान! मराठीत फार छान!” सुया थांबल्या.

“बैल लावलं असत्याल,” फोनमधून आबा.

“हो आबा, बैल पण होते!” बाई म्हणाल्या. मग त्या तटाकडे आल्या. जुना, तिहेरी तट. आतले लोक मूठभर, पण रोज पडलेली भिंत रात्रीत परत उभी करणारे. आणि मग तो एक छोटा दरवाजा. लढाईच्या धांदलीत कुणीतरी लावायचा विसरलं म्हणतात. उघडाच राहिला.

“गेटवर कोन हुतं ड्युटीला?” आबा कडाडले. फोन बाटलीवरून घसरला. ईशानने धावत जाऊन सरळ केला. “माजा जलम गेला गेटवर! असं गेट उघडं ऱ्हातं व्हय? फितुरी असनार!”

“फितुरी म्हणजे?” ईशानने विचारलं.

“आपलाच माणूस पैसे घेऊन दार उघडतो,” सई म्हणाली.

“पण आबा, नुसतं विसरला असेल तर? दमला असेल,” दुसरी एक मुलगी फोनकडे तोंड करून म्हणाली.

“दमला तरी चावी सोडायची न्हाई, बाळ,” आबा म्हणाले. आणि वाद पेटला. फितुरी की विसर, अर्धा वर्ग इकडे, अर्धा तिकडे, निळे-हिरवे सगळे मिसळून, तासगावचा पार आणि ख्राइस्टचर्चची पोरं मराठीत कडाकडा भांडत होती. बाई हात बांधून बघत होत्या. समितीकडे मी बघितलंच नाही. गरज नव्हती.

“मग?” शेवटी सईने विचारलं. “बाई, मग काय झालं?”

बाई म्हणाल्या, “सम्राटाने अंगावरची राजचिन्हं काढून टाकली आणि साध्या शिपायासारखा गर्दीत घुसला. तो परत कुणाला दिसला नाही. आणि शहर...”

त्या थांबल्या. तोंड उघडलं, मिटलं. मग त्यांनी पिशवीतून सुया काढल्या आणि विणायला लागल्या.

खट, खट, खट.

पोरं गोंधळली. एकमेकांकडे बघायला लागली. “बाई, कुणीच इंग्रजी नाही बोललं!” ईशान जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाला. “खरंच! कुणीच नाही!”

बाईंनी मान वर केली नाही. सुया चालूच.

सई उठली. फोनजवळ गेली. मला वाटलं बंद करते की काय. पण ती आबांच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, “आबा, मग शहर पडलं. पण ऐका ना. लोक पळाले ना, तेव्हा त्यांनी पुस्तकं घेतली. काही तर आधीच गेले होते. इटलीला. तिथे ती पुस्तकं कुणी वाचलीच नव्हती, मग त्यांनी वाचली. आणि तो घुमट अजून आहे. आणि ज्यांनी शहर घेतलं ना, त्यांनी पण त्यांच्या मशिदींना तसेच घुमट बांधले. आणि रशियाची अक्षरं आहेत ना, ती पण यांच्यापासून आली. मी लायब्ररीत बघितलं. तिथे इंग्लिशमध्ये होतं. मी मराठी केलं.”

मग आबा म्हणाले, “म्हंजे संपलं न्हाई म्हन की.”

“नाही संपलं,” सई म्हणाली.

सुया थांबल्या होत्या. कधी थांबल्या ते कुणालाच कळलं नाही.

वर्ग राहिला. अध्यक्षांनी हात जोडून सांगितलं. पण पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि बहिणीजवळ राहायला वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटला गेल्या. आता तो वर्ग मी आणि ईशानची आई चालवतो. मला विणता येत नाही, म्हणून मी तांदूळ निवडते. चालतं. तो जांभळा मफलर बाईंनी जाताना आबांना पाठवला. शेवटच्या दोन टर्ममध्ये तो वीतभरही वाढला नव्हता. आबा तासगावच्या उन्हात तो गळ्यात घालून पारावर बसतात, आणि कुणी विचारलं तर सांगतात, “राजाचा रंग हाय हा.”

गेल्या हिवाळ्यात ऑफिसच्या कामासाठी वेलिंग्टनला गेले होते. काम लवकर आटोपलं तशी रेल्वेने अप्पर हट गाठलं. बाईंच्या बहिणीने सांगितलं, लायब्ररीच्या मागच्या खोलीत बघ, शनिवार आहे. खोलीला काचेचं दार होतं. आत सहा-सात नवी पोरं, टोप्या घालून, खुर्च्यांवर पाय हलवत. मध्ये रेगेबाई, तोच स्वेटर, केस जास्त पांढरे. आवाज बाहेर येत नव्हता, पण त्यांचे हात हवेत वर जाताना दिसले, हळूहळू, छताकडे. सिंहासन वर चाललं होतं.

पुढे बसलेल्या एका चिमुरडीने तोंड उघडून काहीतरी विचारलं. बाईंनी सुया काढल्या. इतक्या भराभर विणत होत्या! नवीन लोकर, नवीन मफलर, आत्ताच सुरू झालेला, तरी गुडघ्यापर्यंत आलेला. माझा हात दाराच्या मुठीवर होता, पण मी आत गेले नाही. अशा वेळी कुणी मध्ये जातं का?

ती मुलगी खाली बघत होती. मग तिने मान वर केली, ओठ अडखळत हलले.

सुया थांबल्या. रेगेबाई पुढे वाकल्या.